पिंगला उत्तर आलं, पण दिलं कोणी?

एका पतसंस्थेचा संगणक विभाग एकट्याने सांभाळणाऱ्या एका सद्गृहस्थांनी विचारलं आहे: "मुख्य कार्यालय आणि ११ शाखा आहेत. तीन महिन्यांपूर्वी झॅबिक्स (यंत्रणेवर नजर ठेवणारं मॉनिटरिंग सॉफ्टवेअर) बसवलं. सर्व्हर, फायरवॉल, स्विच, शाखांचे राउटर सगळे त्यात टाकले. महिनाअखेरीला दुपारी तासभर एकाही शाखेत एंट्री होईना, स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं. त्याच आठवड्यात पहाटे ३ वाजता ११ शाखा बंद पडल्याचे ११ एसएमएस आले, उठून पाहतो तर सगळं सुरळीत. हे सॉफ्टवेअर नक्की तपासतं तरी काय? संचालक म्हणतात, काढून टाका."

काढू नका. तुमच्या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत आणि दोन्हींचं मूळ एकच आहे. मी १७ वर्षं हेच काम करतोय, साखर कारखाने, पतसंस्था, एक-दोन रुग्णालयं, आणि जवळपास प्रत्येक ठिकाणी पहिल्या तीन महिन्यांत हाच प्रश्न आलेला आहे.

मूळ गोष्ट अशी. "शाखेत काम चालू आहे का" हे कुठल्याही मॉनिटरिंग सॉफ्टवेअरला थेट कळत नाही. ते फक्त ठरावीक वेळाने लहान लहान प्रश्न विचारतं, आलेलं उत्तर मोजतं आणि तुम्ही दिलेल्या मर्यादेशी ताडून दिवा लावतं. तुम्ही त्याला विचारायला सांगितलंत "मशीन जागेवर आहे का?", आणि हिरवा दिवा वाचलात "काम चालू आहे" असा. म्हणून मी माझ्याकडच्या मुलांना पहिल्या दिवशी एकच सवय लावतो: चाचणी पास झाली की विचारा, उत्तर दिलं कोणी? नेटवर्क कार्डाने, ऑपरेटिंग सिस्टिमने, तुमच्या सॉफ्टवेअरने, की थेट डेटाबेसने? उत्तर जिथून आलं तिथपर्यंतचीच खात्री तुमच्या हातात असते. त्याच्या आत काय चाललंय ते त्या चाचणीला माहीत नसतं.

पिंगपासून सुरुवात करू, कारण तुमच्या स्क्रीनवरचे बहुतेक हिरवे दिवे पिंगचेच असणार. मॉनिटरिंगचा सर्व्हर आयसीएमपीचं (नेटवर्कच्या तपासणीसाठीच्या निरोपांचं) एक छोटं पॅकेट पाठवतो, समोरचं मशीन ते परत करतं, आणि जाऊन यायला किती मिलिसेकंद लागले ते नोंदलं जातं. हे टूल माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या बॅलिस्टिक रिसर्च लॅबोरेटरीत काम करताना लिहिलं आणि नाव ठेवलं ते सोनार या पाण्याखालचं शोधणाऱ्या ध्वनियंत्राच्या आवाजावरून. सोनारला कळतं की पाण्याखाली काहीतरी आहे आणि ते इतक्या अंतरावर आहे. आत माणसं जिवंत आहेत का, हे त्या आवाजावरून समजत नाही. पिंगचं अगदी तसंच आहे. त्या पॅकेटला उत्तर देतो ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल. तुमचा डेटाबेस बंद असो, डिस्क खराब होऊन लॉगिनसुद्धा होत नसो, कर्नलचा नेटवर्कचा भाग शाबूत असेपर्यंत पिंग छान एक-दोन मिलिसेकंदांत परत येत राहतं. सोसायटीच्या गेटवरच्या वॉचमनला "बिल्डिंग आहे का?" विचारल्यासारखं आहे ते. तिसऱ्या मजल्यावर पाणी येतंय का, हे त्याला विचारून उपयोग नाही.

उलट बाजूही लक्षात ठेवा. पिंगला उत्तर आलं नाही म्हणजे मशीन मेलं, असंही नाही. विंडोजचा फायरवॉल सहसा पिंग अडवतो, त्यामुळे काउंटरवरचा संगणक व्यवस्थित चालू असताना तुम्हाला तो लाल दिसू शकतो. मोठ्या राउटरची गंमत आणखी वेगळी: इतरांचा ट्रॅफिक पुढे पाठवायचं काम वेगळ्या चिपवर होतं, पण स्वतःच्या नावाने आलेल्या पिंगला उत्तर द्यायचं काम मुख्य प्रोसेसरकडे असतं, आणि तो ते सगळ्यात शेवटी करतो, कधी मुद्दाम मोजकीच उत्तरं देतो. तेव्हा राउटरचा पिंग २० टक्के गळतोय आणि पलीकडच्या शाखेचा मात्र एकही गळत नाही, असं दिसलं तर राउटर बदलू नका. लाइन ठीक आहे. लाइनची चाचणी घ्यायची असेल तर पिंग राउटरला न करता त्याच्या पलीकडच्या मशीनला करा.

मर्यादा किती ठेवायची, हे मात्र पूर्णपणे तुमच्या लाइनवर अवलंबून आहे. नॅगिऑस या दुसऱ्या मॉनिटरिंग सॉफ्टवेअरच्या नमुना फाइलमध्ये पिंगसाठी १०० मिलिसेकंदांना पिवळा आणि ५०० ला लाल असे आकडे दिलेले असतात आणि लोक ते जसेच्या तसे ठेवतात. तुमची एखादी शाखा डोंगरी भागात व्हीसॅटवर, म्हणजे उपग्रहाच्या लाइनवर, असेल तर काय होईल बघा. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. पॅकेट वर जाणार, खाली येणार, उत्तर पुन्हा वर जाणार आणि खाली येणार. प्रकाशाच्या वेगानेही याला ४७७ मिलिसेकंद लागतात, त्यात उपकरणांचा वेळ धरला की ५५०-६०० सहज होतात. ती शाखा जन्मभर लाल राहील आणि महिन्याभरात तुम्ही तिच्याकडे बघणंच सोडून द्याल. म्हणून मी प्रत्येक लाइनचे आधी दोन आठवडे नुसते आकडे जमा करतो आणि मगच मर्यादा लावतो.

पिंगच्या पुढची पायरी म्हणजे पोर्ट, म्हणजे मशीनवरचा एकेका प्रोग्रॅमचा क्रमांकाचा दरवाजा, तपासणं. इथे सॉफ्टवेअर नुसती हाक मारत नाही, ठरावीक पोर्टवर टीसीपी जोडणी करून बघतं: इकडून विनंती, तिकडून होकार, इकडून पोच. तिन्ही झालं की पोर्ट उघडं, दिवा हिरवा. पिंगपेक्षा हे बरंच चांगलं आहे, कारण त्या पोर्टवर कुठला तरी प्रोग्रॅम ऐकायला बसलाय एवढं नक्की कळतं. पण पुन्हा तोच प्रश्न विचारा, होकार दिला कोणी? लिनक्सवर ही तीन टप्प्यांची ओळख कर्नलच परस्पर उरकतो आणि जोडणी रांगेत ठेवतो. प्रोग्रॅमने ती रांगेतून उचलायची असते. बँकेत टोकनचं यंत्र टोकन देतच राहतं, खिडकीमागे कॅशिअर जेवायला गेला असला तरी. तसं हे आहे. प्रोग्रॅम आत अडकून पडला असेल तरी रांग भरेपर्यंत प्रत्येक चाचणीला टोकन मिळतं आणि तुमचा दिवा हिरवा राहतो. तुमच्या महिनाअखेरच्या तासात असंच काहीसं झालं असावं, असा माझा अंदाज आहे. व्याज आकारणीचं मोठं काम चालू असताना डेटाबेसमध्ये टेबलं लॉक होतात, किंवा सॉफ्टवेअरला डेटाबेसशी जेवढ्या जोडण्या ठेवायची परवानगी आहे तेवढ्या संपतात. मशीन जिवंत, पोर्ट उघडं, पण एंट्री पुढे जात नाही. लॉग (सर्व्हरने ठेवलेल्या नोंदी) बघितल्याशिवाय छातीठोकपणे सांगता येणार नाही, पण लक्षणं तीच आहेत.

पोर्टच्या चाचणीतला एक बारकावा फार उपयोगी पडतो आणि बहुतेक जण तो बघतच नाहीत. अपयश दोन तऱ्हेचं असतं. एक म्हणजे लगेच मिळालेला स्पष्ट नकार. याचा अर्थ मशीन जिवंत आहे, नेटवर्क ठीक आहे, फक्त तुमचा प्रोग्रॅम बंद पडलाय. दुसरं म्हणजे काहीच उत्तर न येता वेळ संपणं. तेव्हा मशीन गेलं, लाइन गेली किंवा मधल्या फायरवॉलने पॅकेट गिळलं. दोन्हींना "डाउन" असंच लिहिलेलं असतं, पण पहिल्यात तुम्ही सर्व्हरकडे धावायचं आणि दुसऱ्यात आधी लाइनकडे. रात्री दोन वाजता हा फरक तुमचा अर्धा तास वाचवतो.

तिसरी पायरी म्हणजे प्रत्यक्ष काम करून बघणं. तुमचं सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालणारं असेल तर झॅबिक्समध्ये वेब सिनॅरिओ नावाची सोय आहे. तो पान उघडतो, लॉगिन करतो, पुढच्या पानावर ठरावीक शब्द सापडतो का बघतो आणि प्रत्येक पायरीला किती वेळ लागला ते नोंदवतो. शब्द शोधणं इथे महत्त्वाचं. "पान आलं, कोड २००" (वेब सर्व्हरच्या भाषेत 'ठीक') एवढ्यावर समाधान मानू नका. लॉगिनचं पान बऱ्याचदा नुसती साठवलेली फाइल असते, डेटाबेस बंद असतानाही ते देखणं उघडतं. कित्येक सॉफ्टवेअर तर "काहीतरी चुकले आहे, नंतर प्रयत्न करा" हे वाक्यसुद्धा २०० कोडबरोबरच पाठवतात. आमच्याकडे मी पुरवठादाराकडून एक लहानसं तपासणीचं पान करून घेतो. ते डेटाबेसमधून एक ओळ वाचतं आणि "ठीक" एवढाच शब्द छापतं, आणि फक्त मॉनिटरिंग सर्व्हरच्या पत्त्यावरूनच उघडतं. तुमचं सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचं, प्रत्येक संगणकावर इन्स्टॉल केलेलं असेल तर हा मार्ग नाही. तेव्हा ओडीबीसीने (डेटाबेसशी जोडायच्या ठरलेल्या पद्धतीने) थेट डेटाबेसला एक साधी क्वेरी, म्हणजे विचारणा, करा, वाचण्यापुरत्याच अधिकाराच्या युजरने. खऱ्या खात्यांत चाचणीच्या एंट्र्या टाकायचा मोह आवरा. लेखापरीक्षकाला त्या समजावून सांगताना नाकी नऊ येतात.

ही तिसरी पायरी मी का धरून बसतो, ते एका रात्रीमुळे. जानेवारी, गाळप हंगाम ऐन भरात, एका कारखान्याच्या वजनकाट्यावरून रात्री साडेअकराला फोन. "साहेब, वजन दिसतंय पण पावती निघत नाही." मी घरून स्क्रीन उघडली. पिंग हिरवा, पोर्ट हिरवं, मेमरी निवांत, डिस्क ५८ टक्के रिकामी. मला वाटलं प्रिंटर असेल, रिबन अडकली असेल. काट्यावरच्या क्लार्कने प्रिंटर बंद-चालू केला, केबल काढून लावली, आणि मागे ट्रॉल्यांची रांग गेटबाहेर डांबरी रस्त्यापर्यंत गेली. शेवटी सर्व्हरवर लॉगिन करून मी हाताने एक रिकामी फाइल बनवायला गेलो, तर उत्तर आलं की डिस्कवर जागा नाही. अर्ध्याहून जास्त डिस्क रिकामी आणि जागा नाही! मग लक्षात आलं, आयनोड, म्हणजे फाइलींच्या नोंदीच्या जागा, संपले होते. लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर एकूण किती फाइली मावतील तो आकडा फॉरमॅट करतानाच ठरतो. प्रत्येक फाइलला एक आयनोड लागतो, मग ती एका अक्षराची का असेना. काट्याच्या सॉफ्टवेअरच्या सेशनच्या बारीक बारीक फाइली लाखोंनी साठल्या होत्या, कारण त्या झाडून काढणारं रोजचं काम एका अपडेटनंतर बंद पडलं होतं. जुन्या फाइली काढायला वीस-पंचवीस मिनिटं लागली आणि पहिली पावती खरखरत बाहेर आली. तो आवाज फोनवरून ऐकलेला मला अजून आठवतो. थंडीत ट्रॅक्टरवर बसून राहिलेल्या माणसांचा तो वेळ माझ्या चुकीच्या चाचणीमुळे गेला होता. दुसऱ्या दिवशी मी प्रत्येक सर्व्हरवर आयनोडची नोंद चालू केली आणि त्याहून महत्त्वाचं, दर पाच मिनिटांनी एक फाइल लिहून, वाचून, पुसून बघणारी चाचणी लावली. जागा संपणं, आयनोड संपणं, डिस्क फक्त वाचण्यापुरती उरणं, कारण कुठलंही असो, ती चाचणी पकडते.

आता स्विच आणि राउटरकडे येऊ. त्यांच्यात आपला प्रोग्रॅम बसवता येत नाही, म्हणून तिथे एसएनएमपी, म्हणजे उपकरणाला त्याची माहिती विचारायची ठरलेली पद्धत, लागतं. उपकरणाच्या आत माहितीची एक लांबलचक क्रमांकांची यादी असते. कुठल्या पोर्टची (इथे केबल लावायच्या खाचेची) स्थिती काय, किती बाइट आले, किती गेले, चालू होऊन किती वेळ झाला, असं एकेक. सॉफ्टवेअर यूडीपीच्या १६१ क्रमांकाच्या पोर्टवर क्रमांक विचारतं, उपकरण आकडा देतं. दिसायला सोपं, पण यात तीन जागी लोक फसतात आणि मीही फसलोय.

पहिली जागा: उत्तर न येणं. एसएनएमपीच्या दुसऱ्या आवृत्तीत पासवर्डसारखा जो शब्द असतो, तो चुकला तर उपकरण "चुकलं" असं सांगत नाही, गप्प बसतं. म्हणजे पासवर्ड चुकलेलं उपकरण आणि जळालेलं उपकरण एसएनएमपीला सारखंच दिसतं. म्हणून एसएनएमपीवरून "मेलं" असा निकाल कधीही देऊ नका, त्याला पिंगची जोड द्या. आणि तो शब्द कारखान्यातून आला तसा "पब्लिक" असेल तर आजच बदला. पहिल्या दोन्ही आवृत्त्यांत तो तारेवरून उघडाच जातो. उपकरण तिसरी आवृत्ती चालवत असेल तर तीच वापरा.

दुसरी जागा: वेगाचा आलेख. स्विच "आत्ता किती वेग आहे" हे सांगत नाही, तो एकूण मोजलेले बाइट सांगतो, गाडीच्या किलोमीटरच्या आकड्यासारखे. सॉफ्टवेअर दोन वाचनांमधली वजाबाकी करून वेळेने भागतं. जुना मोजक ३२ बिटांचा, ४,२९,४९,६७,२९६ बाइटांना तो पुन्हा शून्यावर येतो. १०० एमबीपीएसची लाइन पूर्ण भरून वाहत असेल तर त्याला ३४३ सेकंद लागतात, म्हणजे दर पाच मिनिटांनी वाचलं तर जेमतेम निभावतं. १ जीबीपीएसला तो ३४ सेकंदांत फिरतो; पाच मिनिटांत आठ-नऊ वेळा फिरून येतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही. आलेखावर लाइन अर्धी रिकामी दिसते आणि शाखा ओरडत असतात की नेट चालत नाही. ६४ बिटांचा मोजक निवडा, झालं.

तिसरी जागा: उपकरण किती वेळ चालू आहे हा आकडा. हा माझा आवडता आहे. वीज क्षणभर गेली, यूपीएसची बॅटरी थकलेली, स्विच दीड मिनिटात पुन्हा उभा राहिला. तुमची चाचणी दर तीन मिनिटांनी असेल तर तुम्हाला काहीच दिसलं नाही, पण काउंटरवरची अर्धवट एंट्री गेली. चालू असल्याचा वेळ मागच्यापेक्षा कमी झाला की मला निरोप येतो, आणि "साहेब, मधेच बंद होतं" या मोघम तक्रारीला तारीख-वेळ मिळते. फक्त एवढं ध्यानात ठेवा की हा मोजक सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजतो आणि तोही ३२ बिटांचा, म्हणून ४९७ दिवसांनी आपोआप शून्यावर येतो. चांगल्या यूपीएसवरचा स्विच साधारण सोळा महिन्यांनी "रीस्टार्ट झाला" म्हणाला तर घाबरू नका.

सर्व्हरवर एजंट, म्हणजे मॉनिटरिंगचा एक छोटा प्रोग्रॅम, बसवता येतो, तो आतली माहिती देतो: प्रोसेसर, मेमरी, डिस्क, सेवा चालू की बंद. त्याबद्दल फार लिहीत नाही, कारण ते तुम्ही केलेलंच दिसतंय. एकच सांगतो. झॅबिक्सचा एजंट दोन तऱ्हांनी चालतो. एकात सर्व्हर १०,०५० पोर्टवर येऊन विचारतो, दुसऱ्यात एजंट स्वतःहून १०,०५१ वर माहिती पाठवतो. शाखा साध्या ब्रॉडबँडवर असतील तर बाहेरून आत येता येत नाही, तिथे दुसरी तऱ्हा सोयीची. पण मग माहिती येणं थांबलं तर दिवा आपोआप लाल होत नाही. शेवटची चांगली नोंद तशीच दिसत राहते. "१० मिनिटं काहीच आलं नाही तर अलार्म" हा नियम वेगळा लिहावा लागतो. बॅकअपचंही तेच. "बॅकअप फसला" असा मेल यायची वाट बघू नका, कारण बॅकअपचं मशीनच बंद असेल तर मेल पाठवणार कोण? शेवटची बॅकअप फाइल किती तासांपूर्वीची आणि कालच्यापेक्षा फार लहान तर नाही ना, हे तपासा.

आता पहाटे तीनचे ११ एसएमएस. ११ गावांतल्या ११ वेगवेगळ्या लाइन एकाच मिनिटाला बंद पडत नाहीत. पडल्यासारख्या दिसल्या तर बंद पडली ती सगळ्यांच्या वाटेवरची एकच गोष्ट: मुख्य कार्यालयाचा फायरवॉल, त्याची नेटची लाइन किंवा त्या दोघांमधली केबल. तुमचा झॅबिक्स मुख्य कार्यालयातच बसलाय, त्याला बाहेरचं जग त्या एकाच दारातून दिसतं. दार बंद झालं की त्याच्या दृष्टीने सगळ्या शाखा गेल्या. झॅबिक्सच्या तयार टेम्प्लेटमध्ये सलग तीन चाचण्या फसल्या तरच पिंगचा अलार्म होतो, म्हणजे तुम्ही टेम्प्लेट वापरलं असेल तर दार खरंच दोन-तीन मिनिटं बंद होतं. फायरवॉलचा चालू असल्याचा वेळ बघा. तो त्या पहाटेपासूनचा असेल तर वीज किंवा यूपीएस, नसेल तर लाइन देणाऱ्याला विचारा. देखभालीची कामं ते रात्रीच काढतात.

सलग तीन चाचण्या कशासाठी, तेही सांगतो. एखाद्या लाइनवर १ टक्का पॅकेट गळत असतील, जे आपल्याकडे सर्रास आहे, आणि तुम्ही दर मिनिटाला एकच पॅकेट पाठवून निकाल देत असाल, तर दिवसाच्या १,४४० चाचण्यांपैकी १४ फसतील. रोज १४ खोटे अलार्म, एका शाखेचे. तीन चाचण्या फसायची अट घातली तर हिशेबाने ती शक्यता दहा लाखांत एक होते. मात्र गळती सुटी सुटी येत नाही, झुंडीने येते, म्हणून तीन पॅकेट एकाच सेकंदात पाठवून उपयोग नाही, त्यांच्यात मिनिटाभराचं अंतर हवं. किंमत अशी की खरी बिघाडाची बातमी तुम्हाला तीन मिनिटं उशिरा कळते. पतसंस्थेला ते चालतं. अतिदक्षता विभागाच्या सर्व्हरला मी ते चालवून घेत नाही.

आणि अवलंबित्व लिहा. नॅगिऑसमध्ये प्रत्येक उपकरणाचा पालक सांगता येतो. पालक पडला की मागच्यांना तो "बंद" न म्हणता "पोहोचता येत नाही" म्हणतो. झॅबिक्समध्ये ट्रिगर डिपेंडन्सीने (एक अलार्म दुसऱ्यावर अवलंबून ठेवून) तेच साधतं: शाखेचा अलार्म फायरवॉल आणि त्याची नेटची लाइन यांच्या अलार्मवर अवलंबून ठेवा. मग ११ एसएमएसच्या जागी एक येईल, आणि तो नेमकी जागा दाखवेल. शाखा बंद करताना मेन स्विच पाडायची सवय बऱ्याच ठिकाणी असते. तुमच्याकडे सीसीटीव्हीसाठी राउटर रात्रभर चालू राहत असतील असं मी धरलंय. नसतील, तर त्या शाखांना कामाच्या वेळेचं बंधन घाला.

आतापर्यंतचं थोडक्यात: दिवसा तुमच्या चाचण्या उंबऱ्यावरच थांबत होत्या, म्हणून आत काम थांबलेलं दिसलं नाही, रात्री सगळ्या चाचण्या एकाच दारातून जात होत्या, म्हणून दार बंद झाल्यावर गावंच गेल्यासारखी दिसली.

तुमच्या जागी मी असतो तर पुढच्या आठवड्यात काय केलं असतं? सगळ्यात आधी डेटाबेसपर्यंत पोहोचणारी एक चाचणी, दर दोन मिनिटांनी, आणि फक्त पास-नापास न बघता लागलेला वेळही. एरवी अर्ध्या सेकंदात येणारं उत्तर सहा सेकंदांवर गेलं की मला निरोप हवा, कारण महिनाअखेरीला अडकण्याआधी सॉफ्टवेअर आधी मंद होतं. मग फायरवॉलवरची डिपेंडन्सी. मग संस्थेच्या बाहेर, भाड्याच्या एखाद्या छोट्या सर्व्हरवर, दुसरा डोळा: तो मुख्य कार्यालयाचा फायरवॉल बघेल आणि झॅबिक्स दर पाच मिनिटांनी त्याला हजेरी देईल. हजेरी आली नाही तर त्याने तुम्हाला फोन करायचा. पहारेकरी झोपला तर कळायला हवं. मग सगळ्या उपकरणांची घड्याळं. फायरवॉल सात मिनिटं पुढे आणि सर्व्हर चार मिनिटं मागे असेल तर कोण आधी पडलं हे लॉगवरून कधीच ठरत नाही. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांतही घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलंय, तेव्हा संचालकांना पटवायलाही हे कामी येईल.

जुन्या स्विचला दर दहा सेकंदांनी पाचशे आकडे मात्र विचारू नका, त्यांचा प्रोसेसर त्यानेच दमतो. मिनिटाला एकदा आणि गरजेपुरते पुरे. मॉनिटरिंगचा युजर सगळीकडे फक्त वाचणारा ठेवा, कारण त्या एका मशीनवर साऱ्या संस्थेच्या किल्ल्या असतात.

हे लावून झालं की एका रविवारी शाखा बंद असताना, बॅकअप घेऊन, डेटाबेसची सेवा स्वतः थांबवा. घड्याळ लावून बघा, एसएमएस किती मिनिटांत येतो आणि त्यात काय लिहिलेलं असतं. मग फायरवॉलची बाहेरची केबल काढा आणि एकच एसएमएस येतो का ते बघा. तो एसएमएस बाहेरच्या डोळ्याकडूनच यायला हवा, कारण आतल्या झॅबिक्सला त्या वेळी बाहेर निरोप पाठवायला नेटच नसेल (पहाटेचे ११ एसएमएसही बहुधा लाइन परत आल्यावरच निघाले असावेत), हेही तेव्हाच तपासून होतं. संचालकांपैकी कुणाला वेळ असेल तर त्यांना शेजारी बसवा.

आणि पुढच्या महिनाअखेरीला पुन्हा अडकलं, तर रीस्टार्ट करण्याआधी दोन मिनिटं थांबा. डेटाबेसवर त्या क्षणी किती जोडण्या आहेत, कुठली क्वेरी सगळ्यात जास्त वेळ चालू आहे आणि ती कोणाची वाट बघतेय, हे एका फाइलमध्ये उतरवून घ्या. रीस्टार्टनंतर काम चालू होईल, पण हा पुरावा पुसला जाईल. ती फाइल आणि त्या तासाचे सर्व्हरचे आलेख इथे टाका, मग अंदाजावर न थांबता नेमकं बोलता येईल.